घोणशीच्या नावातला डॉक्टर

सापांमध्ये करिअर होतं का, असा प्रश्न पडलाय? मग पॅट्रिक रसेल यांची गोष्ट वाचा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या माणसानं भारतात नेमकं हेच काम केलं, तेही वयाची पन्नाशी उलटल्यावर.

पावसाळा लागला की शिरपूर तालुक्यात सर्पमित्रांचे फोन थांबत नाहीत. कधी केळीच्या बागेत, कधी कापसाच्या शेतात, कधी घराच्या ओसरीत, तर कधी सरपणाच्या ढिगात साप निघतो. मग गावातला एखादा पोरगा काठी आणि बरणी घेऊन धावतो. तुमच्या कॉलेजातही अशी दोनचार जणं असतीलच. कदाचित तुम्हीच त्यातले एक असाल. सापांची आवड असलेली मंडळी एकत्र बसली, की धामण, नाग, मण्यार असं करत चर्चा शेवटी एकाच प्रश्नावर येते. यात करिअर आहे का? घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. साप धरून कोणाचं पोट भरलंय?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक नाव आठवून बघा. घोणशीला इंग्रजीत रसेल्स वायपर म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. शास्त्रीय नाव विचारलं तर दाबोया रसेली, हेही तुम्ही पटकन सांगाल. पण हा रसेल कोण, असं विचारलं तर बरेच जण गप्प होतात. रेस्क्यू करताना आपण ज्याचं नाव रोज घेतो, तो माणूस आपल्याला माहीतच नसतो.

प्लेगच्या शहरात वीस वर्षं

पॅट्रिक रसेल यांचा जन्म ६ फेब्रुवारी १७२७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. वडील वकील होते. पॅट्रिक मात्र एडिंबरातच डॉक्टर झाले आणि १७५० मध्ये थेट सीरियातल्या अलेप्पो शहरात पोचले. त्यांचे सावत्र भाऊ अलेक्झांडर तिथं इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेव्हंट कंपनीचे डॉक्टर होते. अलेक्झांडर नुसते पेशंट तपासत नसत. शहरातली हवा, झाडं, प्राणी, आजार, लोकांच्या चालीरीती या सगळ्याची ते नोंद ठेवत. पुढे त्याच नोंदींवरून त्यांनी अलेप्पोवर पुस्तक लिहिलं. भावाची ही सवय पॅट्रिकला लागली आणि आयुष्यभर सुटली नाही.

अलेक्झांडर मायदेशी परतले आणि १७५३ पासून त्यांची जागा पॅट्रिक यांच्याकडे आली. १७६० ते १७६२ या काळात अलेप्पोत प्लेगची साथ पसरली. प्लेग कशामुळे होतो हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. जंतू हा शब्दसुद्धा डॉक्टरांच्या बोलण्यात नव्हता. अशा वेळी रसेल यांनी जे हातात होतं ते केलं. कोणाला आजार कधी झाला, कोणती लक्षणं आधी दिसली, कोण वाचलं, कोण गेलं, साथ कोणत्या महिन्यात वाढली आणि कधी ओसरली, हे सगळं ते टिपत गेले. त्या नोंदींचा मोठा ग्रंथ १७९१ मध्ये लंडनला छापला गेला. म्हणजे नोंद आणि पुस्तक यांच्यात जवळपास तीस वर्षांचं अंतर होतं.

आज टाकलेल्या रीलला संध्याकाळपर्यंत किती व्ह्यूज आले, हे बघणाऱ्या आपल्या पिढीला ही तीस वर्षं खूप वाटतील. पण नीट ठेवलेली नोंद तीस वर्षांनीही उपयोगी पडली, हे इथं लक्षात घ्या.

चोपन्नाव्या वर्षी विशाखापट्टणम

वीसेक वर्षांनी रसेल इंग्लंडला परतले. लंडनमध्ये प्रॅक्टिस सुरू केली, १७७७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. इथं आयुष्य स्थिरावलं असंच कोणीही म्हटलं असतं. पण त्यांचे भाऊ क्लॉड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १७८१ मध्ये क्लॉड यांची विशाखापट्टणमला प्रमुख म्हणून नेमणूक झाली, आणि पॅट्रिकही त्यांच्यासोबत निघाले. तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं.

पहिली काही वर्षं ते हौस म्हणून झाडं आणि मासे गोळा करत होते. कंपनीच्या मद्रास भागात योहान कोनिग नावाचे निसर्ग अभ्यासक काम करत. कोनिग हे लिनियसचे विद्यार्थी. हाच तो लिनियस, ज्यानं सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवली. १७८५ मध्ये कोनिग वारले आणि त्यांच्या जागी कंपनीनं रसेल यांना नेमलं. आता निसर्गाचा अभ्यास हीच त्यांची नोकरी झाली.

कंपनीला निसर्गाचं प्रेम होतं म्हणून ही जागा तयार झाली, असं समजू नका. कोणतं झाड रंगाला चालेल, कोणतं औषधाला, कशातून पैसा निघेल, हे तिला हवं होतं. आणि आणखी एक अडचण होती. सैनिक, नोकर, शेतकरी सर्पदंशानं मरत होते, आणि चावलेला साप विषारी होता की नव्हता हे सांगायला एकही भरवशाचं पुस्तक नव्हतं. रसेल यांनी हे काम अंगावर घेतलं.

आधी ओळख, मग उपाय

हा प्रश्न अवघड का होता, ते आपल्याच परिसरातल्या उदाहरणावरून बघू. घरात निघणारा कवड्या साप बिनविषारी आहे. मण्यार अतिशय विषारी. दोघंही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे, दोघंही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या माणसांच्या गर्दीत हा फरक चुकला तर जीव जातो. तसंच डुरक्या घोणस आणि खरी घोणस यांचं. पहिली निरुपद्रवी. दुसरी भारतात सर्वाधिक बळी घेणाऱ्या सापांमधली.

रसेल यांच्यासमोर अशी एकही खूण लिहिलेली नव्हती. त्यांनी किनाऱ्यावरच्या गावांमधून साप मिळवायला सुरुवात केली. साप आला की आधी त्याचं स्थानिक नाव लिहायचं. मग लांबी, जाडी, रंग. मग पोटावरचे आडवे खवले एक एक करून मोजायचे आणि शेपटीखालच्या खवल्यांच्या जोड्या मोजायच्या. ही लिनियसची पद्धत. पण नुसत्या आकड्यावरून साप विषारी आहे का, हे कळत नाही. म्हणून तोंड उघडून विषदंत आहेत का, कुठे आहेत, कसे आहेत हे बघायचं. अर्कात ठेवलेल्या सापाचा रंग उतरतो, त्यामुळे चित्रही काढून घ्यायचं. असे चाळीसहून जास्त साप त्यांच्या नोंदींत आले. विषारी त्यातले मोजकेच निघाले.

एवढी एक गोष्टही तेव्हा मोठी होती. बहुतेक साप बिनविषारी आहेत हे कळलं, की गावोगावच्या औषधांच्या कीर्तीचं कोडं सुटतं. धामण किंवा पाणदिवड चावलेला माणूस कोणत्याही पाल्यानं बरा होतो, कारण तो पाल्याशिवायही बराच होणार असतो. श्रेय मात्र पाला देणाऱ्याला जातं. मग एके दिवशी नाग चावतो, लोक त्याच माणसाकडे धावतात आणि हातातला वेळ निघून जातो. आपल्याकडे आजही हेच घडतं, नाही का?

तंजावरच्या गोळीची परीक्षा

त्या काळी दक्षिणेत सर्पदंशावरची एक गोळी फार गाजली होती. ती तंजावरची म्हणून ओळखली जायची. तंजावरला तेव्हा भोसले घराण्याचं मराठी राज्य होतं. या गोळीत सोमल आणि पारा असायचा, म्हणजे स्वतःच विषारी असलेली द्रव्यं. इंग्रज अधिकारीही तिच्यावर विश्वास ठेवायला लागले होते.

रसेल यांनी तिची कीर्ती ऐकून मान डोलावली नाही. थट्टाही केली नाही. तपासून बघितलं. कोंबड्या आणि कुत्र्यांना विषारी सापांचा दंश करवला, काहींना औषधं दिली, किती वेळात काय लक्षणं दिसली ते लिहिलं. गोळीचा जो गाजावाजा होता, त्याला या नोंदींतून आधार मिळाला नाही. नाग चावल्यावर काय होतं आणि घोणस चावल्यावर काय होतं, याची वेगवेगळी वर्णनंही त्यांनी केली. घोणशीला त्यांनी घातकपणात नागाच्या खालोखाल जागा दिली.

हे प्रयोग वाचताना तुम्हाला त्या मुक्या जनावरांचं वाईट वाटेल, आणि वाटायलाच हवं. आज असे प्रयोग कोणालाही मनाला येईल तसे करता येत नाहीत. त्यासाठी नैतिक समितीची परवानगी लागते. पण औषध चालतं की नाही हे ऐकीव गोष्टींवरून ठरवायचं नाही, हा त्यांचा आग्रह आज प्रत्येक मेडिकल कॉलेजात शिकवला जातो.

तेलुगू शब्द शास्त्रात गेले

भारतात जवळपास दशकभर काढून रसेल इंग्लंडला परतले. १७९६ मध्ये कंपनीच्या संचालकांच्या आदेशानं त्यांचा सापांवरचा ग्रंथ छापला गेला. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा हा मोठ्या आकाराचा, रंगीत चित्रांचा ग्रंथ. दुसऱ्या खंडाचे भाग १८०१ पासून येत राहिले आणि शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

या ग्रंथातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. रसेल यांनी सापांना लॅटिन नावं देण्याची घाई केली नाही. गावातले लोक ज्या नावानं साप ओळखत, तीच तेलुगू नावं त्यांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली. घोणशीचं नाव त्यांनी लिहिलं कटुका रेकुला पोडा. पट्टेरी मण्यारीचं लिहिलं बंगारम पामा. तेलुगूत बंगारम म्हणजे सोनं आणि पामु म्हणजे साप. त्या सापाच्या अंगावर पिवळेधमक पट्टे असतात. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी मण्यारीच्या कुळाला बंगारस हे नाव दिलं, ते याच शब्दावरून. म्हणजे शिरपूरच्या घरात रात्री निघणारी आपली मण्यार जगभरच्या पुस्तकांत एक तेलुगू शब्द मिरवते. ज्या गावकऱ्यांनी साप धरून आणले, नावं सांगितली, त्यांना पुस्तकात मानाचं पान मिळालं नाही. त्यांची भाषा मात्र शास्त्रात कायमची राहिली.

घोणशीला रसेल यांचं नाव त्यांनी स्वतः दिलेलं नाही. १७९७ मध्ये जॉर्ज शॉ आणि फ्रेडरिक नॉडर यांनी त्यांच्या सन्मानार्थ ते दिलं.

परतल्यावरही ते थांबले नाहीत. १८०३ मध्ये विशाखापट्टणमच्या दोनशे माशांवरचं त्यांचं पुस्तक आलं. १८०४ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, नाग फणा कसा काढतो यावर त्यांचा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. मानेतल्या बरगड्या उचलून नाग त्वचा पसरवतो, हे त्यातून पुढे आलं. पुढच्याच वर्षी, २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

सर्पदंशावर औषध मात्र त्यांना सापडलं नाही. चुकीची औषधं कोणती आणि विषारी साप कोणते, एवढंच ते सांगू शकले.

मुंबईपर्यंत आलेली वाट

औषध सापडायला आणखी नव्वद वर्षं गेली. १८९५ च्या सुमारास फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर पहिलं प्रतिविष तयार केलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं, मग त्याच्या रक्तात तयार झालेला प्रतिकार रुग्णाला द्यायचा, ही ती पद्धत. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनं पुढे याच पद्धतीनं प्रतिविष बनवलं. आज शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. या चौघांना आधी एकमेकांपासून वेगळं ओळखलं गेलं, म्हणून हे शक्य झालं.

ओळखीचं काम मुंबईतच पुढे गेलं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरनं भारतीय सापांवर वर्षानुवर्षं लिहिलं. खवल्यांवरून विषारी साप कसा ओळखायचा, याचं त्यांचं पुस्तक सोसायटीनं १९०७ मध्ये छापलं. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, ही खूण तुम्ही ऐकली असेल. अशा खुणा नोकरी सांभाळून साप तपासणाऱ्या माणसांनी आपल्यापर्यंत पोचवल्या.

आणि घोणशीचं विष? १९३४ मध्ये लंडनमध्ये डॉ. मॅक्फार्लेन आणि प्राणिसंग्रहालयातले सापांचे अभ्यासक बर्गेस बार्नेट यांनी ते हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवण्यासाठी वापरून बघितलं. आजही रक्त गोठण्याच्या एका तपासणीत घोणशीचं पातळ केलेलं विष वापरतात. तुमच्यापैकी कोणी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत असेल, तर ही तपासणी पुढे कधीतरी समोर येईल.

मग करिअर आहे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खरं सांगायचं तर फक्त साप पकडण्यावर घर चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे. वन विभागाला न कळवता साप पकडणं, घरात ठेवणं, त्याचे खेळ करणं गुन्हा आहे. गळ्यात नाग घालून काढलेला फोटो तर करिअर लांब, जीवावर बेततो. सर्पमित्र दंशानं गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता.

पण सापांभोवतीचं काम फार मोठं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं मरतात, असा अंदाज मांडला. बहुतेक मृत्यू गावांत होतात. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात म्हटलंय. हे काम कोण करणार?

डॉक्टर करतील. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सर्पदंशाच्या उपचारांवर गावात राहून संशोधन केलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. नर्स आणि लॅब टेक्निशियन करतील. घोणस चावलेल्या रुग्णाचं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का, हे बघणारा माणूस जीव वाचवतो. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून संशोधनात जाता येतं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीव विज्ञान शिकता येतं. स्पर्धा परीक्षेतून वन विभागात जाता येतं. सर्पोद्यानं आणि प्राणिसंग्रहालयांमध्ये पशुवैद्य, क्युरेटर, शिक्षक लागतात. तमिळनाडूत इरुला समाजाची सहकारी संस्था १९७८ पासून कायदेशीर परवान्यानं सापांचं विष काढते आणि प्रतिविष बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाची तिथं नोकरी झाली. चित्रकार आणि फोटोग्राफर यांचीही गरज आहे. रसेल यांच्या ग्रंथाचं अर्धं बळ चित्रांत होतं.

जागा कमी आहेत आणि स्पर्धा आहे, हेही लक्षात ठेवा. म्हणून पदवी सोडून सापांमागे धावू नका. रसेल आधी चांगले डॉक्टर होते, मग सापांकडे वळले. वॉलही तसेच.

तोपर्यंत शिरपुरात बसून काय करता येईल? रसेल यांनी केलं तेच, साप हातात न घेता. एक वही करा. साप निघाल्याची तारीख, वेळ, जागा, जवळचं पीक, लांबून काढलेला फोटो, वन विभागाला कळवलं का, हे लिहा. दंश झाला असेल तर किती वाजता झाला, माणूस किती वाजता दवाखान्यात पोचला, मध्ये कुठे वेळ गेला, तेही लिहा. रुग्णाचं नाव मात्र लिहू नका. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल मंडळी सापांना काय म्हणतात, गावातली वडीलधारी माणसं अहिराणीत काय म्हणतात, ते विचारून ठेवा. अनेर अभयारण्यापासून तापीकाठापर्यंतच्या पाचदहा गावांची अशी तीन वर्षांची वही प्राध्यापकांना दाखवली, तर त्यातून प्रोजेक्ट उभा राहील. तालुक्याच्या दवाखान्याला प्रतिविष कोणत्या महिन्यात जास्त लागतं, हेही कळेल.

आणि कोणाला साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी, कडं, घट्ट कपडे सैल करा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. मंत्र आणि पाला यांत एक मिनिटही घालवू नका. तंजावरच्या गोळीची परीक्षा दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलीय.